झोपेतलं ‘व्हय’

सन्या, परवा एक कागद आलाय. चौकशीवाल्या साहेबांनी मेलवर पाठवला आणि मग फोन करून समजावूनही सांगितला. अपघाताच्या आधीच्या बहात्तर तासांत तू काय केलंस, कधी जेवलास, कधी झोपलास, झोप मोडली का, मोडली तर कशानं, हे सगळं तासातासानं भरून द्यायचं आहे. त्या बहात्तरातले पहिले अठ्ठेचाळीस तास तू आमच्याजवळ होतास, म्हणून भरायचं काम माझ्या वाट्याला आलं. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे. आज बुधवार आहे, दुपारचे दोन वाजलेत आणि मी अजून फक्त तुझं नाव लिहिलंय. तेही स्पेलिंग बरोबर आहे का म्हणून तीनदा तपासलं.

मी गडमुडशिंगीला माहेरीच, आण्णांच्या घरी आहे. कसबा बावड्याला नव्या घरी जाऊन-येऊन असते, पण तिथं जीव रमत नाही. इथं तरी कुठं रमतोय म्हणा. विमानतळ जवळच, लहानपणी घरावरून विमान गेलं की तू एका हातानं चड्डी सावरत अंगणात पळायचास. आता विमानाचा आवाज आला की आई उठून देवघरात जाऊन बसते आणि मी हातातलं काम सोडून आवाज थांबेपर्यंत उभी राहते. नीट उतरलं असेल ना, एवढंच डोक्यात असतं. काल तर फोन करून विचारावं असं वाटलं. पण करणार कुणाला?

पाच आठवडे झाले. मालाचं विमान, त्यात प्रवासी नाहीत, कुणी टाटा करायला आलेलं नाही, नुसती खोकी आणि पुढं तुम्ही दोघं, कॅप्टन आणि को-पायलट तू. मंगळवारी पहाटे धुक्यात उतरताना विमान धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडेच शेतात टेकलं. कॅप्टन वाचले, तू गेलास. प्रवासी विमान असतं तर टीव्हीवर चार दिवस चाललं असतं. तुझी बातमी पेपरात आतल्या पानावर आली आणि तीही तुझ्या आडनावात चूक करून. मला पहिला राग त्या आडनावाचा आला. एवढं सगळं झालेलं असताना मी पेपरच्या ऑफिसला फोन लावून भांडले, तू असतास तर हसला असतास.

गावात मात्र बातमी झटक्यात पसरली आणि पसरताना तिचं एकच वाक्य उरलं. ‘पायलट झोपला म्हणं.’ आण्णा स्वतः दूध घालायला जायचे बंद झालेत. परवा कागद आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, “हे बघ, तीन दिवस घरात हुता. वेळेवर जेवला, निवांत झोपला. एवढंच लिही. जास्त काय लिहू नगो.”

मी म्हटलं, “आण्णा, खोटं हाय ते.”

“खोटं काय त्यात? घरात नव्हता काय तो?”

“घरात हुता. झोपला कुठं?”

आण्णा उठून गेले. दिवसभर बोलले नाहीत. आपल्या आण्णांना तू ओळखतोस, ते आवाज चढवून भांडतात तेव्हा काळजी नसते, गप्प बसतात तेव्हा असते.

खरं सांगायचं तर आपल्या घरात तुझ्या झोपेची चौकशी कुणी कधी केलीच नाही. आईचा फोन आला की पहिला प्रश्न ‘जेवलास व्हय रं?’ आपल्या जैनांच्या घरात आई दिवस मावळायच्या आत जेवून उठणार आणि तू रात्री तीनला कुठल्या तरी विमानतळावर डबा उघडून बसणार, त्यामुळे तिचा सगळा जीव तुझ्या जेवणात. मीही तेच विचारायची. झोपलास का, असं मी तुला एकदाही विचारलेलं आठवत नाही. झोपणं म्हणजे आपल्याकडे आळस. सकाळी सात वाजता अंथरुणात दिसलं की आण्णा म्हणायचे, आजारी हाईस काय? म्हणजे आजारी असल्याशिवाय झोपायची सोय नाही.

दिवाळीत तू मला सांगायचा प्रयत्न केला होतास. परसात बसलो होतो, तू चकलीचा डबा मांडीवर घेतलेला. म्हणालास, “अक्का, रात्रीचं विमान चालवणं अवघड न्हाय. पाचव्या रात्री पहाटे चारच्या पुढं जे हुतंय ते अवघड हाय. डोळं उघडं असत्यात, हात चालत असत्यात, पण आपण तिथं नसतोय.”

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सोळा वर्षं काढली आहेत आणि त्याची घमेंड मला आहेच. मी लगेच सुनावलं की आमच्याकडं हंगामात तीन पाळ्या चालतात, ऊसतोडवाल्या बायका पहाटे दोनला उठून फडात जातात, त्यांना कोण विचारतं दमलीस का? एसीत बसून बटणं दाबणाऱ्याला म्हणे झोप येते.

तू चकली मोडून अर्धी मला दिलीस. “तुमच्या रस आटवणाऱ्या पॅनवाल्याला डुलकी लागली तर साखर करपती, अक्का. आमचं तसं न्हाय.”

मग तू विचारलंस की कंपनीला कळवू का, मी सलग रात्रींनी दमलोय म्हणून? तसं कळवायची सोय आहे, पण पुढच्या वर्षी कॅप्टन व्हायची परीक्षा आहे आणि तिथं नाव मागं पडेल अशी धास्ती वाटते. मी काय सांगितलं ते तुला आठवत असेल. म्हटलं, एवढी परीक्षा होईपर्यंत कळ काढ की, मग कॅप्टन झाल्यावर काय करायचंय ते कर. तू मान हलवलीस. ते भांडण तसंच राहिलं, सन्या, कारण तेवढ्यात कोण तरी आलं आणि मी चहा ठेवायला उठले. तुझं म्हणणं बरोबर होतं. एवढं एक वाक्य सांगायला मला पाच आठवडे लागले आणि आता ते ऐकायला तू नाहीस.

कॅप्टन रविवारी आले होते. पुण्याहून गाडी करून, काखेत कुबडी, सोबत त्यांची बायको. आण्णा आत निघून गेले, आई पाण्याचा तांब्या ठेवून दारात उभी राहिली. मी ठरवलं होतं की या माणसाला धरून विचारायचं, तुम्ही वाचला आणि आमचा का नाही? पण त्यांना सोफ्यावर बसायलाच पाच मिनिटं लागली. बसताना त्यांनी एवढा ओठ चावला की मला विचारवेना.

“ताई, चौकशी चालू आहे, मी खरं तर बोलायला नको,” ते म्हणाले. “पण तुमच्याशी न बोलता मला राहवत नाही.”

त्यांनी जे सांगितलं ते मी मला कळेल तसं समजून घेतलं. विमानातल्या उंची दाखवणाऱ्या यंत्राला आधी, जिथं उतरायचं त्या गावच्या हवेचा दाब सांगावा लागतो. खालून रेडिओवर आकडा येतो, तो दोघांनी आपापल्या बाजूला लावायचा. तो चुकला की यंत्र खुशाल चुकीची उंची दाखवत राहतं. त्या पहाटे आकडा होता एक हजार दोन. कॅप्टनही तितकेच दमलेले होते, त्यांनी ऐकला एक हजार बारा आणि तसाच लावला. दहाचा फरक म्हणजे पावणेतीनशे फूट. यंत्र म्हणत होतं अजून बरंच वर आहोत, आणि जमीन तर अगदी पायाशी आलेली.

“मी त्याला विचारलं, सेट? तो म्हणाला, सेट. मी म्हटलं, चेक्ड? तो म्हणाला, चेक्ड. आवाज स्वच्छ होता, ताई. मला जराही शंका आली नाही. त्याच्या बाजूलाही माझाच चुकीचा आकडा लागला होता, माझं बघून फिरवला असणार. आणि मांडीवरच्या कागदावर त्याच्याच अक्षरात बरोबर आकडा लिहिलेला सापडला. एक हजार दोन. त्यानं नीट ऐकलं होतं, नीट लिहिलं होतं. मग चेक्ड कसं म्हणाला?”

दारातून आई म्हणाली, “झोपेत व्हय म्हणाला आसंल.”

कॅप्टनना काही कळलं नाही. मला कळलं.

तुझं झोपेतलं ‘व्हय’ घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दहावीच्या वर्षी आण्णा पहाटे गोठ्यातून हाक मारायचे, “सन्या, उठला काय?” आणि तू आतून खणखणीत आवाजात “व्हय!” आण्णा खूश होऊन धारा काढायला बसायचे आणि सात वाजता येऊन बघतात तर तू पांघरुणात. आम्ही मग तुझी गंमत करायचो. “सन्या, तू गाढव हाईस काय?” “व्हय.” “तुला म्हशीनं इकत घितलंय काय?” “व्हय.” डोळेसुद्धा उघडे असायचे कधी कधी. मी मैत्रिणींना बोलावून दाखवायची, त्या लोळायच्या हसून. शेवटी आण्णांनीच उपाय काढला. ‘उठला काय’ असं विचारायचंच नाही. “सन्या, किती वाजलं?” असं विचारायचं. मग तुला मान वळवून घड्याळ बघावं लागायचं, काटे वाचून आकडा सांगावा लागायचा, आणि तो सांगेपर्यंत तू जागा झालेला असायचास. तेव्हापासून घरात नियम झाला की सन्याला व्हय-न्हायचा प्रश्न विचारायचा नाही.

आणि विमानाचं शिकायला गेल्यावर तूच किती कौतुकानं फोन केला होतास. “अक्का, आण्णांचा नियम आमच्या पुस्तकात हाय! इथं पण नुसतं व्हय म्हणून चालत न्हाय, आकडा वाचून दाखवाय लागतोय.” आण्णांनी ते अख्ख्या गल्लीत सांगितलं होतं.

मी कॅप्टनना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “नियम आहे, ताई. आकडाच बोलायचा असतो. पण रोज तेच तेच करून, पहाटेच्या घाईत, आम्ही सगळेच चेक्ड म्हणून पुढं जातो. त्यानं आकडा सांगितला नाही हे खरं. मी मागितला नाही हेही खरं.” आणि तो एवढा मोठा माणूस आपल्या सोफ्यावर बसून रडला. आईनं त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, जेवून आलाय न्हवं? त्यांना जेवायला घातल्याशिवाय तिनं सोडलं नाही.

ते गेल्यावर मी त्यांच्यावर चिडून बसणार होते. एक आकडा मागायला काय जात होतं यांचं? आणि तसं चिडता चिडताच मला माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीची दुपार आठवली.

ती दुपार त्या कागदात भरायची आहे, म्हणून आधी तुझ्याजवळ सगळं सांगून टाकते. मुळात तू येणार नव्हतास. गुरुवारी तुझा फोन आला होता. “अक्का, आजची सलग पाचवी रात्र हाय. उद्या सकाळी उतरलो की सोमवारपर्यंत सुट्टी हाय. नुसतं झोपू दे मला. आहेर घिऊन आण्णा येतील की.”

“आण्णा बाप हायत. पाटावर बसवून आहेर भावानं करायचा असतोय. सगळ्या जावा बघत असणार, माझा भाऊ न्हाय आला तर तोंड कुठं लपवू?”

“मी लै दमलोय गं.”

आणि मी म्हणाले, “झोपायचं हायच की मेल्यावर.”

सन्या, असं आपण सगळेच म्हणतो. आण्णा म्हणतात, कारखान्यातला शिपाई म्हणतो, लग्नघरात तर दहा जण म्हणतात. तू हसलास सुद्धा. “बरं बाई, येतो,” म्हणालास. पण ते मी म्हटलं होतं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही.

तू शुक्रवारी मुंबईत उतरलास, दोन तास पडलास, माझ्यासाठी साडी घेतलीस आणि स्वतः गाडी चालवत रात्री इथं पोचलास. शनिवारी दिवसभर खुर्च्या, मांडव, पाण्याचे जार. पायलट असलास तरी घरचा गडी म्हणून राबलास. साडेबाराला आडवा झालास आणि पाचला उठलास, पूजा सहाची होती म्हणून. रविवारी सगळी पंगत सूर्य मावळायच्या आत उरकायची म्हणून आमची नुसती पळापळ. तू हुग्गीची बादली घेऊन वाढत होतास, गव्हाच्या त्या खिरीचे डाग तुझ्या नव्या कुर्त्यावर. पाटावर बसवून मला साडी दिलीस, ओवाळताना म्हणालास, “आता तरी भांडू नगोस.” फोटोत मी मिरवतेय आणि तुझे डोळे अर्धे मिटलेत. फोटोग्राफरची चूक म्हणून मी त्याला बोलले होते.

तिसऱ्या प्रहरी तू नाहीसा झालास. आजऱ्याचे पावणे निघाले होते, काजूची पिशवी देऊन म्हणाले, “पायलट कुठं हाय? भेटून जातो की. पोरांस्नी दावायचाय.” मी शोधत गेले. मागच्या खोलीत, जिथं अजून पंखाही लावला नव्हता, तिथं तू गुंडाळलेल्या सतरंज्यांवर झोपला होतास. बूट पायातच. मी दारात उभी राहून म्हटलं, “सन्या, उठलास काय? आजऱ्याचं निघाल्यात.”

“व्हय, आलो,” तू म्हणालास. अगदी स्वच्छ आवाजात.

मला ते कोणतं व्हय आहे ते बरोबर कळलं. मी परत जायला हवं होतं. पावण्यांना सांगायला हवं होतं की तो झोपलाय, पाच रात्री जागून आलाय, पुढच्या वेळी भेटा. पण बाहेर पावणे थांबले होते आणि मला माझा पायलट भाऊ दाखवायचा होता. मी खाली वाकले, तुझा खांदा धरला आणि विचारलं, “सन्या, किती वाजलं?”

तू मान वळवलीस, मनगटावरचं घड्याळ बघितलंस. “सव्वातीन,” म्हणालास, आणि उठून बसलास.

जो प्रश्न विमानात कुणी विचारला नाही, तो मी तिथं विचारला, पावण्यांना दाखवायचं म्हणून तुला उठवायला. कॅप्टनना मी काय बोल लावू?

त्या रात्री आवराआवरी करून तू एक वाजता पडलास आणि पहाटेच परत निघायची तयारी. सोमवारी दुपारी मुंबईला पोचल्यावर ड्यूटीपर्यंत झोपणार, असं सांगून गेलास. मलाही वाटत होतं झोपला असशील. काल मी माझा फोन उघडून बघितला. सोमवारी दुपारी दोन ते पाचच्या मध्ये मी तुला वास्तुशांतीचे फोटो पाठवले होते, एकेक करून, सव्वीस. मध्येच तुझा मेसेज आहे, ‘शेजारी ड्रिल चालू हाय, झोप लागंना.’ त्याला उत्तर म्हणून मी पाठवलाय आमच्या जाऊबाईंचा फोटो, आणि खाली लिहिलंय, ‘हिचं तोंड बघ!’ प्रत्येक फोटोला तू अंगठा दिलास. दोन बारा, दोन एकोणीस, दोन चाळीस, तीन पाच. आता तेच अंगठे बघून मी तू कधी कधी जागा होतास ते कागदावर लिहितेय. शेवटचा चार छप्पन्नला आहे. रात्री दहाला तू विमानतळावर हजर होतास.

आता मला कुणाचंही ‘हो’ चालत नाही. माझी ऋतू शाळेला निघाली की ‘डबा घेतलास?’ असं विचारत नाही, ‘डब्यात पोळ्या किती?’ विचारते. ती वैतागते. कारखान्यात पॅनवाल्याला विचारून विचारून मी हैराण केलंय, परवा तो म्हणाला, “मॅडम, तुमी घरी जाऊन जरा पडा.” हे गाडी घेऊन निघाले की मी फोन करते आणि कुठल्या गावाजवळ आलात, मैलाचा दगड किती दाखवतो ते विचारते. ते बिचारे सांगतात. मला झोप लागत नाही, आणि लागली तरी दचकून जाग येते की आपण कुणाला तरी नुसतं हो म्हणून गेलो.

भीती वेगळीच आहे. हा कागद खरा भरला तर कंपनी म्हणेल, आम्ही तीन दिवस सुट्टी दिली होती, यानं ती पंगत वाढण्यात घालवली, आमचा काय दोष? त्याआधीच्या पाच रात्रींचं कुणी नाव घेणार नाही, कारण कागदात त्यांना जागाच नाही. आणि आण्णा म्हणतात तसा भरला, निवांत झोपला होता म्हणून, तर मग काय उरतं? चांगला झोपलेला, ताजातवाना माणूस, समोर बरोबर आकडा लिहिलेला असताना चुकीच्या आकड्याला चेक्ड म्हणाला. म्हणजे निष्काळजी. बेफिकीर. आण्णांना वाटतंय खोट्यानं तुझं नाव राहील, पण त्या खोट्यानं तूच गुन्हेगार होतोस. खरं लिहिलं तर तू दमलेला माणूस ठरतोस, आणि तुला कुणी दमवलं हे विचारलं जातं. मला ते विचारलं जायला हवंय. त्यात माझं नाव निघणार आहे, हे माहीत असूनही.

तीन वाजले आणि मी लिहायला घेतलं. शनिवार, रविवार, सोमवार, एकेक तास. सोमवारी दुपारच्या रकान्यात तुझ्या अंगठ्यांच्या वेळा लिहिल्या. मग एक जास्तीचा कागद घेऊन त्यावर त्याआधीच्या पाच रात्री लिहिल्या, तुझ्या मेसेजवरून, किती वाजता निघालास आणि किती वाजता उतरलास. कुणी मागितला नव्हता, तरी जोडला. ‘इतर माहिती’ असा शेवटी चौकोन होता. त्यात लिहिलं: ‘झोपेत असताना तो कुठल्याही प्रश्नाला स्वच्छ आवाजात हो म्हणायचा. आकडा विचारला की जागा व्हायचा. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.’ हे वाचून चौकशीवाले हसतील की काय, असं वाटलं. हसू देत.

‘झोप मोडली असल्यास कशाने’ हा रकाना मी मोकळा ठेवला होता. शेवटी तिथं परत आले. रविवार, दुपारी सव्वातीन: मी उठवलं, पाहुण्यांना भेटवण्यासाठी. सोमवार, दुपारी दोन ते पाच: माझे फोटो. पुढं नातं लिहायचं होतं. थोरली बहीण, असं लिहिलं.

आण्णा कधी मागं येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून सगळं वाचलं, बोट ठेवून. मला वाटलं कागद फाडणार. ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, “सोमवारी सकाळचं काय लिवलंस?”

“साडेपाचला निघाला, असं.”

“पेन दे.”

त्यांनी त्या रकान्यात आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं. एका ओळीत मावेना म्हणून बाजूच्या कोऱ्या जागेत लिहीत गेले. ‘गाडीत बसून इस्टेरिंगवर डोकं ठेवून झोपला हुता. मी काच वाजवली. आण्णा पाच मिनटं म्हणाला. मी म्हटलं उशीर हुईल, ऊठ. पाच मिनटं दिली न्हाईत.’ आणि खाली नाव न लिहिता नुसतं ‘बाप’ असं लिहून सही केली.

पाच आठवडे हा माणूस हे पोटात घेऊन घरात बसला होता, सन्या, आणि मी समजत होते की त्यांना गावाची लाज वाटतेय. त्यांनी पेनचं टोपण लावलं, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “पाठव.”

मी सगळ्या कागदांचे फोटो काढले आणि आत्ताच पाठवून दिले. तुला रागवायचं असेल तर आम्हा दोघांवर सारखंच रागव, म्हाताऱ्याला एकट्याला धरू नकोस.